आभासी प्रोसेसरची ऐच्छिक वैशिष्ट्ये : कोणती द्यावीत, कोणती झाकावीत?

आलापल्ली (जि. गडचिरोली) : एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा या तिन्ही बाजूंचे रस्ते ज्या गावात येऊन मिळतात, ते अहेरी तालुक्यातील आलापल्ली. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. या परिसरातील गावांमधून दाखल्यासाठी किंवा सातबाऱ्यासाठी सेवा केंद्रावर आलेल्या माणसाला 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' असे ऐकावे लागले, तर त्याची दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जातात. वीज गेली किंवा नेटवर्क तुटले, तर कारण निदान समजते. मात्र वीज आणि नेटवर्क दोन्ही शाबूत असताना सेवा संथ होते किंवा सुरूच होत नाही, तेव्हा दोष कित्येकदा सेवेच्या मुळाशी, म्हणजे सर्व्हरच्या मांडणीत असतो. हा सर्व्हर आज बहुतेक वेळा स्वतंत्र यंत्र नसतो. एका मोठ्या यंत्रात आज्ञावलीने उभे केलेल्या अनेक आभासी संगणकांपैकी तो एक असतो. या आभासी संगणकाच्या प्रोसेसरला कोणती वैशिष्ट्ये द्यायची आणि कोणती झाकून ठेवायची, हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. तो न घेतल्यास ठरीव मांडणी लागू होते, आणि ती नेहमीच हिताची असते असे नाही.

हायपरवायझर म्हणजे काय?

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या आज्ञावलीस हायपरवायझर म्हणतात. खऱ्या यंत्राला 'यजमान' आणि त्यावरील आभासी संगणकाला 'पाहुणा' म्हणण्याची पद्धत आहे. पाहुण्याला मिळणारा प्रोसेसर हा आभासी प्रोसेसर होय. प्रत्यक्षात तो यजमानाच्या खऱ्या प्रोसेसरच्या वेळेतील वाटा असतो.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात त्यावर प्रयोग केले आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा यंत्रणेच्या तीन कसोट्या मांडल्या. पाहुण्यावर कार्यक्रम खऱ्या यंत्रावर चालतो तसाच चालला पाहिजे, साधनांवर पूर्ण ताबा हायपरवायझरचा असला पाहिजे आणि बहुतांश आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत, अशा त्या कसोट्या होत.

वैयक्तिक संगणकांत रूढ झालेले इंटेलचे प्रोसेसर या कसोट्यांना उतरत नव्हते. सन २००० मध्ये झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरमधील १७ आज्ञा अडथळा ठरत असल्याचे दाखवून देण्यात आले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याचा मार्ग शोधला. केंब्रिज विद्यापीठातील 'झेन' या प्रकल्पाने २००३ मध्ये पाहुण्याच्या कार्यप्रणालीतच फेरफार करण्याचा मार्ग पत्करला. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली. तिच्या आधारे उभा राहिलेला 'केव्हीएम' फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाला.

ऐच्छिक वैशिष्ट्य कशास म्हणावे?

प्रत्येक प्रोसेसरला काही मूलभूत आज्ञा कळतात. त्याखेरीज दर पिढीगणिक नव्या आज्ञांची भर पडते. सांकेतिकीकरण वेगाने करणारा 'एईएस' हा आज्ञासंच इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१० पासून आला. एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणारा 'एव्हीएक्स' २०११ मध्ये आला. वेगासाठी, सुरक्षेसाठी, वेळ मोजण्यासाठी आणि आभासीकरणासाठी अशी अनेक वैशिष्ट्ये आहेत. ती सर्वच प्रोसेसरमध्ये नसतात. म्हणून कार्यप्रणाली सुरू होताना प्रोसेसरलाच विचारते, 'तुला काय काय येते?'

हा प्रश्न विचारण्याची आज्ञा म्हणजे 'सीपीयूआयडी'. पेंटियमच्या काळात, १९९३ मध्ये, ती रूढ झाली. प्रश्नाला क्रमांक असतो आणि उत्तर चार रजिस्टरांतील बिटांच्या रूपाने मिळते. उदाहरणार्थ, प्रश्न क्रमांक १ च्या उत्तरात तिसऱ्या रजिस्टरातील २५ व्या क्रमांकाचा बिट एईएस आहे की नाही ते सांगतो, २८ व्या क्रमांकाचा बिट एव्हीएक्सविषयी सांगतो, तर ५ व्या क्रमांकाचा बिट इंटेलच्या आभासीकरणाच्या सोयीविषयी. त्यातलाच ३१ व्या क्रमांकाचा बिट हायपरवायझरसाठी राखलेला आहे. तो '१' असल्यास आपण पाहुणा आहोत, हे कार्यप्रणालीला कळते.

येथेच हायपरवायझरची भूमिका येते. इंटेलच्या आभासीकरणात पाहुण्याने सीपीयूआयडी आज्ञा दिली, की नियंत्रण आपोआप हायपरवायझरकडे जाते आणि उत्तर तोच देतो. हे उत्तर खऱ्या प्रोसेसरचे जसेच्या तसे असेल असे नाही. आलापल्लीच्या लाकूड डेपोत माल कितीही असला, तरी लिलावाच्या यादीत जे लॉट लावले तेच खरेदीदाराच्या दृष्टीने विक्रीला असतात. आभासी प्रोसेसरचेही तसेच आहे. यजमानाकडे एखादे वैशिष्ट्य असूनही ते यादीत नसेल, तर पाहुण्याच्या लेखी ते नाहीच.

केवळ यादीत नाव लावून भागत नाही

वैशिष्ट्य देणे म्हणजे एक बिट '१' करणे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात त्यामागे दोन बाबी असतात.

पहिली बाब साठवणीची. एव्हीएक्ससारख्या वैशिष्ट्यांना स्वतःची मोठी रजिस्टरे असतात. एका पाहुण्याचा वेळ संपून दुसऱ्याची पाळी आली, की पहिल्याची रजिस्टरे जशीच्या तशी जपून ठेवावी लागतात. एव्हीएक्स-५१२ मध्ये ५१२ बिटांची ३२ रजिस्टरे आहेत, म्हणजे केवळ त्यांचाच ऐवज दोन किलोबाइट होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी आलेल्या 'एएमएक्स' या वैशिष्ट्याची रजिस्टरे आठ किलोबाइटची आहेत. लिनक्सच्या ५.१७ या २०२२ मधील आवृत्तीपासून केव्हीएममध्ये एएमएक्स पाहुण्याला देता येते. मात्र त्यासाठी हायपरवायझर चालवणाऱ्या कार्यक्रमाला आभासी प्रोसेसर तयार करण्यापूर्वीच परवानगी मागावी लागते. मागितल्याशिवाय ते मिळत नाही. ऐच्छिक वैशिष्ट्याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

दुसरी बाब नियंत्रणाची. यादीतून नाव काढले म्हणजे आज्ञा बंद झाली, असे प्रत्येक वेळी होत नाही. एव्हीएक्सची वाट हायपरवायझर खरोखर बंद करू शकतो, परंतु एईएसच्या आज्ञा अडवण्याची सोय प्रोसेसरमध्येच नाही. एखाद्या कार्यक्रमाने न विचारताच ती आज्ञा दिली, तर ती चालून जाते. पुढे हाच पाहुणा ते वैशिष्ट्य नसलेल्या यजमानावर गेला, तर तोच कार्यक्रम बंद पडतो आणि कारण चटकन सापडत नाही.

मग वैशिष्ट्ये झाकायची कशाला?

यजमानाकडे जे आहे ते सारे पाहुण्याला देऊन टाकावे, असे कोणासही वाटेल. पण आभासी संगणकाचा मोठा लाभ हा, की तो चालू स्थितीत एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवता येतो. व्हीएमवेअरने ही सोय २००३ मध्ये 'व्हीमोशन' या नावाने आणली. झेनच्या संशोधकांनी २००५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. यजमानाची दुरुस्ती करायची असेल, तर त्यावरील पाहुणे दुसरीकडे हलवायचे आणि सेवा खंडित होऊ द्यायची नाही, हा त्यामागील हेतू.

अडचण अशी, की बहुतेक कार्यक्रम 'तुला काय येते?' हा प्रश्न सुरुवातीला एकदाच विचारतात. उत्तरात एव्हीएक्स होते म्हणून कार्यक्रमाने त्या आज्ञा वापरायला घेतल्या आणि मधेच पाहुणा जुन्या प्रोसेसरच्या यजमानावर गेला, तर पुढची आज्ञा 'अवैध' ठरून कार्यक्रम कोसळतो. म्हणून ज्या यजमानांमध्ये पाहुणे हलवायचे आहेत, त्या सर्वांकडे जे आहे तेवढेच यादीत ठेवतात. बैलगाड्यांच्या तांड्याची चाल जशी सर्वांत मागच्या गाडीवर ठरते, तशी ही यादी सर्वांत जुन्या यजमानावर ठरते. व्हीएमवेअरने २००८ मध्ये यासाठी संपूर्ण समूहाला एक समान पातळी ठरवून देणारी 'ईव्हीसी' ही सोय दिली. २०१८ पासून ती प्रत्येक आभासी संगणकासाठी स्वतंत्रपणेही ठरवता येते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्येही वेगळ्या पिढीच्या प्रोसेसरवर स्थलांतर करता यावे, यासाठी वैशिष्ट्ये मर्यादित करणारा पर्याय आहे.

काही वैशिष्ट्ये तर स्वभावतःच स्थलांतराच्या आड येतात. प्रोसेसरचे घड्याळ कायम एकाच गतीने चालेल, असे वचन देणारे 'इन्व्हेरियंट टीएससी' हे त्यांपैकी एक. हे वचन पाहुण्याला दिले आणि तो वेगळ्या गतीच्या यजमानावर गेला, तर वचन मोडते. म्हणून केव्हीएमसोबत वापरला जाणारा 'क्यूईएमयू' हा कार्यक्रम, घड्याळाची गती नेमून दिली नसेल तर, असे वैशिष्ट्य घेतलेल्या पाहुण्याचे स्थलांतरच नाकारतो.

निवडीचे तीन मार्ग

केव्हीएमवर आधारित व्यवस्थेत साधारणतः तीन मार्ग उपलब्ध असतात.

'होस्ट-पासथ्रू' हा पहिला. यात यजमानाकडे जे काही देण्याजोगे आहे, ते जवळजवळ सर्व पाहुण्याला मिळते. वेग सर्वाधिक मिळतो, पण स्थलांतर सुरक्षितपणे करायचे तर दुसरा यजमानही तंतोतंत तसाच हवा. एकट्या सर्व्हरसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी हा मार्ग योग्य ठरतो.

'होस्ट-मॉडेल' हा दुसरा. यात यजमानाशी सर्वांत जवळचा प्रमाणित नमुना निवडून त्यात नेमकी भर टाकली जाते. पाहुण्याला काय दिले, याची स्पष्ट नोंद राहते.

तिसरा मार्ग नाव असलेल्या नमुन्याचा. 'हॅसवेल', 'स्कायलेक-सर्व्हर', एएमडीचा 'एपिक' असे प्रोसेसरच्या पिढ्यांचे नमुने तयार असतात. समूहातील सर्वांत जुन्या यजमानाला अनुरूप नमुना निवडायचा आणि त्यावर एकेक वैशिष्ट्य वाढवायचे किंवा कमी करायचे, अशी ही पद्धत आहे.

एकेका वैशिष्ट्याबाबत काय धोरण ठेवायचे, यासाठी 'लिबव्हर्ट' या व्यवस्थापन प्रणालीत पाच शब्द आहेत. 'रिक्वायर' म्हटले, तर यजमानाकडे ते वैशिष्ट्य नसताना पाहुणा सुरूच होत नाही. 'ऑप्शनल' म्हटले, तर यजमानाकडे असल्यास द्यायचे, नसल्यास त्यावाचून सुरू करायचे. 'डिसेबल' म्हणजे असले तरी द्यायचे नाही. 'फोर्स' म्हणजे यजमानाकडे असो वा नसो, 'आहे' असे सांगायचे. 'फॉरबिड' म्हणजे यजमानाकडे ते असेल, तर पाहुणा सुरूच करायचा नाही. यांपैकी 'ऑप्शनल' सोयीचे वाटते, पण आज मिळालेले वैशिष्ट्य उद्या दुसऱ्या यजमानावर सुरू होताना मिळेलच असे नाही. सेवेसाठी जे अत्यावश्यक आहे, ते 'रिक्वायर'मध्येच असणे इष्ट. क्यूईएमयू थेट वापरणाऱ्यांनी 'एन्फोर्स' हा पर्याय लावावा. तो नसेल, तर न मिळालेल्या वैशिष्ट्याबद्दल केवळ एक इशारा लिहिला जातो आणि पाहुणा त्यावाचून सुरू होतो. तो इशारा कोणी वाचतोच असे नाही.

२०१८ चा धडा

ऐच्छिक वैशिष्ट्यांचा प्रश्न केवळ वेगाचा नाही, हे जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट झाले. 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' ही प्रोसेसरच्या रचनेतील दुर्बलस्थाने त्या महिन्यात जाहीर झाली. प्रोसेसर पुढच्या आज्ञांचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. त्या कामाच्या मागे राहिलेल्या खुणांवरून दुसऱ्याची गुपिते वाचता येतात, असे त्यांचे स्वरूप होते. एकाच यंत्रावर अनेकांचे पाहुणे असलेल्या क्लाऊडच्या दृष्टीने हा गंभीर धोका होता.

उपाय म्हणून इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीत, म्हणजे मायक्रोकोडमध्ये, नवी नियंत्रणे घातली. ती सीपीयूआयडीच्या यादीत नवी वैशिष्ट्ये म्हणून आली. यजमानाचा मायक्रोकोड अद्ययावत झाला, पाहुण्याची कार्यप्रणालीही अद्ययावत झाली, पण मधल्या हायपरवायझरने 'स्पेक-कंट्रोल' हे वैशिष्ट्य यादीत लावले नाही, तर पाहुण्याला ते नियंत्रण वापरताच येत नाही. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या दुसऱ्या एका गटातील दुर्बलस्थानांसाठी 'एमडी-क्लिअर' या वैशिष्ट्याबाबतही हेच घडले. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती करूनही मधला दुवा सुटला, तर संरक्षण अपुरे राहते.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. आभासी प्रोसेसरची यादी पाहुणा सुरू होतानाच ठरते. पाहुण्याच्या आतून 'रीस्टार्ट' केल्याने यादी बदलत नाही. पाहुणा पूर्ण बंद करून हायपरवायझरकडून पुन्हा चालू करावा लागतो.

मेल्टडाऊनवरील उपायामुळे वेग घटला. ही घट 'पीसीआयडी' या वैशिष्ट्याने बरीच कमी होते. तथापि काही जुन्या नमुन्यांत ते यादीत नव्हते. परिणामी खरा प्रोसेसर ते जाणत असूनही पाहुणे विनाकारण संथ राहिले. क्यूईएमयूच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच अशा नमुन्यांवर ते आवर्जून चालू करण्याची शिफारस आहे.

उलट दिशेनेही प्रसंग येतो. इंटेलचे 'टीएसएक्स' हे वैशिष्ट्य आधी २०१४ मध्ये सदोष आढळले, पुढे २०१९ मध्ये त्यात सुरक्षेचा दोष निघाला आणि अनेक यजमानांवर ते बंद करण्यात आले. ज्या पाहुण्यांच्या नमुन्यात ते आवश्यक म्हणून नोंदलेले होते, ते यजमानाच्या अद्ययावतीकरणानंतर सुरू होईनासे झाले. त्यासाठी टीएसएक्स वगळलेले वेगळे नमुने तयार करावे लागले.

जुना नमुना, नवी कार्यप्रणाली

वैशिष्ट्य न देण्याची किंमत अलीकडे अधिक स्पष्टपणे मोजावी लागत आहे. २०२० मध्ये लिनक्स जगताने ६४-बिट प्रोसेसरच्या चार पातळ्या निश्चित केल्या. मे २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला यांतील दुसरी पातळी आवश्यक आहे, तर मे २०२५ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीला तिसरी. तिसऱ्या पातळीत एव्हीएक्स आणि एव्हीएक्स-२ यांचा समावेश होतो. क्यूईएमयूचा ठरीव 'क्यूईएमयू६४' हा नमुना दुसरी पातळीही गाठत नाही. त्यामुळे अगदी नव्या कोऱ्या सर्व्हरवरही, नमुना न बदलता ही कार्यप्रणाली बसवू गेल्यास, ती प्रारंभीच प्रोसेसर अपुरा असल्याचे सांगून थांबते. यंत्र अपुरे नसते, त्याची यादी अपुरी असते.

मोंगोडीबी या माहितीसाठ्याच्या २०२१ मधील ५.० आवृत्तीलाही एव्हीएक्स लागते. हे लक्षात घेऊन प्रॉक्समॉक्स या लोकप्रिय मुक्त प्रणालीने जून २०२३ च्या आठव्या आवृत्तीत नव्या पाहुण्यांसाठीचा ठरीव नमुना बदलला आणि दुसरी पातळी अधिक एईएस असा केला. मात्र त्यापूर्वी तयार झालेले पाहुणे आपला जुना नमुनाच बाळगून राहतात.

एईएसचे महत्त्व सामान्य वापरकर्त्याशी थेट निगडित आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाची खूण असते, तेव्हा प्रत्येक पान सांकेतिक होऊन येते-जाते. ते काम प्रोसेसरच्या खास आज्ञांनी झाले नाही, तर साध्या आज्ञांनी करावे लागते आणि त्याला कित्येक पटींनी अधिक श्रम पडतात. गर्दीच्या वेळी हा फरक पडद्यावर फिरत राहणाऱ्या चक्राच्या रूपाने दिसतो.

एआरएम प्रोसेसरची वेगळी रीत

भ्रमणध्वनीतून सर्व्हरकडे आलेल्या एआरएम प्रोसेसरांत सीपीयूआयडी आज्ञा नाही. तेथे ओळखीची खास रजिस्टरे असतात आणि ती वाचण्याचा पाहुण्याचा प्रयत्न हायपरवायझर मधेच अडवून उत्तर देतो. केव्हीएममध्ये एआरएमचा आभासी प्रोसेसर सिद्ध करतानाच ऐच्छिक वैशिष्ट्यांची मागणी नोंदवावी लागते. प्रोसेसर सुरुवातीला बंद स्थितीत ठेवायचा का, ३२-बिट पद्धतीने चालवायचा का, कामगिरी मोजणारे मापक द्यायचे का, अशा प्रत्येक बाबीला एक बिट आहे.

'एसव्हीई' हा मोठ्या गणितांचा आज्ञासंच यात विशेष आहे. त्याची रुंदी १२८ पासून २,०४८ बिटांपर्यंत असू शकते. लिनक्स ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, तो पाहुण्याला देता येतो. त्यासाठी आधी वैशिष्ट्य मागायचे, मग रुंदी ठरवायची आणि शेवटी 'हे अंतिम' असे सांगायचे, असा क्रम आहे. अंतिम केल्यावर बदल नाही आणि अंतिम केल्याशिवाय प्रोसेसर चालत नाही. हा क्रम चुकला, की त्रुटीचा संदेश मिळतो.

आभासीत आभासी

पाहुण्याच्या आत आणखी पाहुणे चालवायचे असतील, तर आभासीकरणाचे वैशिष्ट्यच पाहुण्याला द्यावे लागते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रयोगशाळा, भ्रमणध्वनीच्या कार्यक्रमांची चाचणी, विंडोजमधील लिनक्सची दुसरी आवृत्ती यांसाठी ते लागते. आयबीएमच्या हैफा येथील प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० मध्ये इंटेलच्या प्रोसेसरवर हे कार्यक्षमतेने कसे करता येईल ते दाखवले. लिनक्समध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी ते ४.२० या डिसेंबर २०१८ मधील आवृत्तीपासून ठरीवपणे खुले आहे. तरीही पाहुण्याच्या यादीत तो बिट लावावाच लागतो. गरज नसेल तेथे तो लावू नये, असाच सल्ला दिला जातो. जितकी दारे अधिक, तितकी राखण अधिक.

सुरू करताना घ्यावयाची काळजी

१) समूहातील प्रत्येक यजमानाच्या प्रोसेसरची पिढी, मायक्रोकोड आणि वैशिष्ट्यांची यादी लिहून काढावी. सर्वांत समान असलेले तेवढेच आधारभूत धरावे.

२) यजमानाच्या बायोसमध्ये आभासीकरणाची सोय चालू आहे की नाही ते पाहावे. ती काही यंत्रांत बंद ठेवलेली असते.

३) पाहुण्यावर जी कार्यप्रणाली आणि जे कार्यक्रम चालणार, त्यांची किमान गरज आधी तपासावी.

४) सुरक्षेची वैशिष्ट्ये आणि एईएस प्रथम, वेगाची वैशिष्ट्ये त्यानंतर, असा क्रम ठेवावा.

५) बदल केल्यावर पाहुणा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा.

६) पाहुण्याच्या आत जाऊन वैशिष्ट्य खरोखर दिसते का, ते पडताळावे. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाईलमध्ये 'फ्लॅग्ज' या ओळीत ही यादी मिळते. ज्ञात दुर्बलस्थानांवरील संरक्षणाची स्थितीही कार्यप्रणाली स्वतंत्रपणे सांगते.

७) शेवटी एकदा प्रत्यक्ष स्थलांतर करून पाहावे आणि सर्व नोंद लिहून ठेवावी. यजमान बदलताना किंवा अद्ययावत करताना ही नोंद कामी येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

राज्यात हा विषय केवळ पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांपुरता राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून क्लाऊड सेवा सुरू केली. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये आले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा 'मेघराज' हा सरकारी क्लाऊड कार्यान्वित झाला होता. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे.

क्लाऊडवर हायपरवायझर ग्राहकाच्या हाती नसतो. पुरवठादार यंत्रांचे प्रकार ठरवतो आणि प्रोसेसरची यादी त्या प्रकारासोबतच येते. ग्राहकाला निवडीस मोजकेच पर्याय मिळतात. पाहुण्याची स्मृती यजमानापासूनही सांकेतिक राखणारे एएमडीचे वैशिष्ट्य ॲमेझॉनने २०२३ पासून काही प्रकारांवर दिले, ते याच स्वरूपाचे. म्हणून सेवा विकत घेतानाच, निविदेच्या अटींत, प्रोसेसरची किमान पातळी आणि सुरक्षेची वैशिष्ट्ये नावानिशी लिहून घेणे श्रेयस्कर. 'चार प्रोसेसर, सोळा जीबी स्मृती' एवढ्या मोघम अटीतून प्रोसेसर मिळतात, पण त्यांना काय येते हे ठरत नाही.

स्वतःचे यंत्र चालवणाऱ्या लहान संस्थांना, शाळांना आणि रुग्णालयांना हे नियंत्रण पूर्णपणे आपल्या हाती ठेवता येते. नवे यंत्र घेण्यापूर्वी, असलेल्या यंत्रावरील पाहुण्यांचा नमुना कोणत्या साली निवडला होता, हे एकदा तपासून पाहिले तरी पुष्कळ साधते. पाहुणा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्यास काही मिनिटांचा अवधी लागतो. तो रात्री किंवा सुटीच्या दिवशी काढावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने कामासाठी आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परतावे लागणार नाही.